टोपलीवरचे मुद्दे

नवी लिहिती मुलं अधूनमधून माझ्याकडे येतात. चहा पितात, भिंतीवरचे हारतुऱ्यांचे फोटो बघतात आणि मग ठरलेला प्रश्न विचारतात, "कादंबरी लिहायच्या आधी तुम्ही प्रकरणांचा आराखडा करता का?" मी मिशीवरून हात फिरवतो आणि सांगतो, "छे! ओढ्याला कुणी नकाशा काढून देतं का? आपण टाक उचलायचा, तो नेईल तिकडं जायचं." मुलं खूश होऊन वहीत उतरवून घेतात. ही थाप मी चाळीस वर्षं मारतो आहे आणि आता ती इतरांच्या दोन-तीन पुस्तकांत छापूनही आली आहे, त्यामुळे मलासुद्धा कधी कधी खरी वाटते. वस्तुस्थिती अशी की मुद्दे मांडल्याशिवाय मी जन्मात एक प्रकरण लिहिलेलं नाही. माझ्या खाटेखाली एक पत्र्याची पेटी आहे, तिच्यात नुसते मुद्द्यांचे कागद आहेत, आणि मोलकरणीला मी सांगितलं आहे की आत विंचू आहे. हे लपवण्याचं कारण काही मोठं कलेबिलेचं नाही. मुद्दे म्हटलं की मला विंझर आठवतं, आणि विंझर आठवलं की माझी मान या वयातही खाली जाते.

मी भोरचा. वडील संस्थानच्या कचेरीत पट्टेवाले होते. त्यांचा पितळी बिल्ला आई चिंचेनं असा घासायची की त्याच्या उजेडानं शेजारचा कोंबडा अवेळी आरवायचा. शाळेत मला दोनच गोष्टी आल्या. एक थापा मारणं आणि दुसरी ‘मुद्द्यांवरून गोष्ट लिहा’. आमचे गुरुजी फळ्यावर लिहायचे, "एक गाव – दुष्काळ – म्हातारी – हंडा – शिपाई – शेवट", आणि बाकीची पोरं दहा ओळींत म्हातारीला हंडा देऊन मोकळी व्हायची. मी त्या हंड्यात म्हातारीच्या सात पिढ्या कोंबायचो. एकदा वही परत देताना गुरुजी म्हणाले, "शंकर, तुझी म्हातारी तिसऱ्या पानावर हरवली ती हरवलीच. अरे, मुद्दे म्हणजे मेंढरांभोवतीचं कुंपण. ते घातलं नाहीस तर मेंढरं डोंगरभर, आणि तू काठी घेऊन बोंबलत." हे वाक्य मी पुढे माझं म्हणून शंभर ठिकाणी सांगितलं. ते गुरुजींचं आहे.

मॅट्रिकला मी गणितात असा आपटलो की आवाज नसरापुरापर्यंत गेला. त्या दिवशी वडिलांनी बिल्ला काढून खुंटीला लावला, म्हणजे आता सरकार बोलणार नाही, बाप बोलणार. म्हणाले, "विंझरला जा. अक्काकडं ऱ्हा. गणित कर, पुढच्या खेपंला पास हो. न्हाईतर कचेरीत पाणी भरायला घालतो." अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, विंझरला दिलेली. तिच्या घरात तिघंच माणसं. अक्का, दाजी आणि दाजींची धाकटी बहीण बकुळा. बकुळा रांगत होती तेव्हाच त्यांची आई गेली आणि वर्षभरात बापही. विशीतल्या दाजींनी ती पोर शेळीच्या दुधावर वाढवली, तिची वेणी घालायला शेजारणीकडून शिकले, आणि वेल्ह्याच्या बाजारातून तिच्यासाठी बांगड्या आणताना माप म्हणून स्वतःच्या दोन बोटांभोवती सुतळी गुंडाळून न्यायचे. दिवसाला अकरा शब्द बोलणारा माणूस. त्यातले सहा बैलांना आणि चार बकुळाला. उरलेल्या एका शब्दात अक्कानं संसार केला.

त्या घराचा वास मला अजून येतो. भात काढून झालेला, खाचरं मोकळी, आणि बांधातल्या बिळांतून काळेभोर खेकडे. अक्का त्यांच्या नांग्या पाट्यावर वाटून कालवण करायची, आणि ते इतकं झणझणीत की तोरण्यावरचा ढग खाली वाकून नाक शिंकरून जायचा. सोबत तांदळाची भाकरी, तव्यावरून थेट ताटात. दुपारी अक्का शेतावर गेली की बकुळा अंगणातल्या उखळात भात कांडायला उभी राहायची आणि मी उंबऱ्यावर भूमितीचं पुस्तक मांडीवर घेऊन बसायचो. पुस्तकात कागद असायचे आणि कागदांवर माझी कादंबरी. मुसळाचा आवाज धप् धप् असा एका चालीत चाललेला असायचा आणि त्यावर मी बकुळाला एकेका प्रकरणाचे मुद्दे वाचून दाखवायचो. प्रकरण सपक असलं तर मुसळ थांबायचं नाही. जरा रंग भरला की चाल मंदावायची. आणि मुसळ वरच्या वर राहिलं की मी समजायचो, हे जमलं. पुढे पुण्यामुंबईचे टीकाकार भेटले, पण त्या मुसळाइतका खरा टीकाकार मला मिळाला नाही. एकदा मी सलग तीन प्रकरणांत नायकाला आजारी पाडलं होतं. बकुळा कांडता कांडता म्हणाली, "पावणं, ह्याला एकदा तरी बरं करा, न्हाईतर मारून तरी टाका. कांजी करून करून त्याच्या आईचा जीव जाईल." मी तिन्ही प्रकरणं एकात घातली.

नावांचं मला कधीच पटकन सुचत नाही. मुद्द्यांत नुसतं ‘नायिका’ लिहिलं होतं. बकुळानं विचारलं, "नायिका म्हंजी काय तिचं नाव?" मी म्हटलं, "न्हाई. नाव ठरायचंय." "मग ठरंस्तवर माजं घाला की. मला बी जरा हिंडून येऊ द्या." ती हसत होती. मग नायिकेला पळवून नेणारा जो धनगर होता त्याचं नाव काय ठेवायचं, तर म्हणाली, "त्यो बिरू हाय की, तुमच्या शाईचं हिरडं आणनारा. त्येचं घाला." बिरू वरच्या धनगरवाडीतला, मेंढरांमागचा. उन्हाळ्यात त्यांची मेंढरं खतासाठी दाजींच्या वावरात बसायची. एकदा त्याच्या बकरीनं बकुळाच्या वाळत घातलेल्या कुरडया खाल्ल्या होत्या आणि बकुळानं त्याला बकरीच्या चुलतमावस नात्यांसकट शिव्या घातल्या होत्या. त्या दोघांचं आयुष्यात झालेलं बोलणं ते एवढंच. पण मी तो प्रसंग आदल्या वर्षी सुट्टीत अक्काकडं आलो असताना पाहिला होता, आणि कुरडईएवढा प्रसंग मिळाला की मी नऊ प्रकरणं काढतो. तर मुद्द्यांत खरी नावं आली. पक्क्या मसुद्यात बदलायची असं ठरलं होतं, आणि मी नंतर ती बदललीही. शाई मात्र बिरूच्या हिरड्यांची. हिराकस घालून उकळलेली, वाळली की काळीकुट्ट, आणि मग पाण्यात घाला, ताकात घाला, निघायचं नाव नाही.

आता बेलभंडाराच्या शपथेचं सांगितलं पाहिजे. गेल्यावर पंधरा दिवसांतच दाजींनी मला कागद काळे करताना पकडलं होतं. रागावले नाहीत. वेल्ह्याला मेंगाईच्या देवळात घेऊन गेले, हातावर बेल आणि भंडारा ठेवला आणि म्हणाले, "पास हुईपतूर गोष्टी लिवनार न्हाई म्हन." मी म्हटलं. देवीसमोर, मोठ्यानं. त्यानंतर जे जे लिहिलं ते लपून, आणि अक्कानं विचारलं की सांगायचो, "भूमिती गं." अक्काला अक्षर येत नव्हतं, बकुळालाही नाही, दाजींना सहीपुरतं. माझ्या थापेला त्या घरात मोकळं रान होतं.

मार्गशीर्षात बकुळाची सुपारी फुटली. स्थळ कामथडीचं, हमरस्त्याजवळचं, विहिरीवर मोट असलेलं. मुलगा बघायला आला तेव्हा बकुळानं दाराच्या फटीतून त्याला पाहिलं आणि दिवसभर कशालाही ‘व्हय’ म्हणत राहिली. दाजी त्या दिवशी सतरा शब्द बोलले. मी मोजले. संक्रांतीला विहिणीकडं तिळाचे लाडू पाठवायचे ठरलं आणि अक्का नवी टोपली करायला बसली. आमच्याकडं बुरुडाची टोपली अशीच वापरत नाहीत. जुने कागद भिजवून कुटायचे, त्यात मेथ्यांचं पीठ घालून लगदा करायचा आणि तो आतून-बाहेरून लिंपायचा. वाळली की टोपली ढोलासारखी वाजते आणि पिढी-दोन पिढी टिकते. वरून शेवटचा हात म्हणून कागदाचे चांगले तुकडे अख्खे चिकटवायचे. त्याच सुमारास मी माझे मुद्दे सुधारून, प्रकरणांचा क्रम बदलून नवी प्रत केली होती. जुनी प्रत भूमितीच्या पुस्तकाशेजारी कोनाड्यात टाकली आणि चार दिवसांसाठी भोरला गेलो. परतलो तेव्हा कोनाडा मोकळा. अक्काला विचारलं, तर ती कौतुकानं म्हणाली, "टोपलीला लावलं. येवढं झ्याक अक्षर, लगद्यात कशाला कुटू? भायेरच्या अंगानं लावलं. शिकल्यालं घर हाय ह्ये कळू दे की त्यास्नी." टोपली कुठंय विचारलं. दाजी पहाटेच बैलगाडी जोडून कामथडीला गेले होते. टोपली मांडीवर घेऊन.

मी त्या दिवशी पळत निघालो असतो तर नसरापुरापाशी गाडी गाठली असती. असं मी हल्ली म्हणतो. नसती गाठली. पण निघायला तर हवं होतं. मी उंबऱ्यावर बसलो आणि स्वतःला समजावत राहिलो की खेड्यातली माणसं, टोपली कोण वाचतंय. भाकरी खाल्ली. दोन वेळा वाढून घेतली.

चौथ्या दिवशी दुपारी कामथडीचे मामा आले. नवऱ्या मुलाचे मामा, पलटणीत राहून आलेले, गावाला वर्तमानपत्र वाचून दाखवणारे. सोबत दोन वडीलधारी माणसं आणि गाडीत ती टोपली. आत लाडू तसेच. दाजींनी पाणी पुढं केलं, ते कुणी घेतलं नाही. मामांनी टोपली ओट्यावर ठेवली आणि ती जात्यासारखी फिरवत वाचायला लागले. पलटणीतला आवाज, शेजारच्या आळीत ऐकू जाणारा. "‘प्रकरण चौथे. बिरू हिरडे घेऊन येतो. बकुळा दारात. नजरानजर.’" टोपली थोडी फिरली. "‘प्रकरण सहावे. दाजी शेतावर. बकुळा बिरूला देवराईत भेटते.’" आणखी फिरली. "‘प्रकरण नववे. बकुळा घर सोडते. दागिने बरोबर.’ आन् ह्ये बगा, बुडाशी. ‘शेवट ठरायचा आहे.’" मामांनी वर पाहिलं. "म्हंजी आजून गेली न्हाई. ठरतंय."

मुद्द्यांची भाषा कशी असते हे ज्यानं लिहिले आहेत त्याला ठाऊक आहे. त्यात ‘जणू’ नसतं, ‘असं वाटलं’ नसतं, वारा नसतो, चांदणं नसतं. कोण आला, कोण गेली, कुठं भेटली. पोलीस पाटलाचा पंचनामा आणि कादंबरीचा आराखडा शेजारी ठेवले तर पंचनाम्यातच थोडी अधिक भावना सापडेल. आणि माझे मुद्दे फार चांगले होते. एक शब्द जास्त नाही.

दाजी टोपलीकडं बघत उभे होते. त्यांना त्यातलं एकही अक्षर लागत नव्हतं. त्यांनी एका तुकड्यावर बोट ठेवलं, जिथं त्यांच्या बहिणीचं नाव आहे असं मामांनी दाखवलं होतं, आणि मग माझ्याकडं वळले. "शंकर, ह्ये तुजं अक्षर?" मी हो म्हटलं. "आन् ह्ये काय हाय?"

काय आहे हे सांगायला चार शब्द पुरले असते. गोष्ट आहे, मी रचलेली. आतून बकुळा धावत बाहेर आली. डोक्यावर पदर नव्हता. "दादा, गोष्ट हाय ती! भात कांडताना वाचून दावत्यात मला! माजं नाव मीच घाला म्हनलं!" मामा शांतपणे म्हणाले, "म्हंजी पोरीला ठावं हुतं." त्या एका वाक्यानं तिचं सगळं बोलणं उलटं फिरलं. मग ती माझ्याकडं बघून म्हणाली, "पावणं, सांगा की! तुमी सांगा!"

सगळे माझ्याकडं बघत होते. मला मेंगाईचं देऊळ दिसलं, हातावरचा भंडारा दिसला, बेलभंडार मोडणाऱ्याला दाजी घरात ठेवणार नाहीत हे दिसलं, कचेरीतली पाण्याची घागर दिसली. आणि मी बोललो. म्हटलं, "रचलेलं न्हाई. वरच्या वाडीवर बोलत्यात ते कानावर आलं. दाजींच्या कानावर घालावं म्हणून टिपून ठेवलं हुतं."

माझ्या आयुष्यात मी हजारो थापा मारल्या. तोरण्यावरून मी वाघाच्या शेपटीला धरून उतरलो, माझ्या वडिलांचा बिल्ला चोरणाऱ्या कावळ्याला मी संस्कृतात शाप दिला, असं मी ज्यांना सांगितलं त्यातल्या एकानंही कधी विश्वास ठेवला नाही. ही एकच थाप होती जी ऐकणाऱ्या प्रत्येकानं जशीच्या तशी खरी मानली. मामांनी मान हलवली. सोबतच्या म्हाताऱ्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "पोरगं गुणाचं हाय. घराची अब्रू बगितली." आणि माझ्या लेखणीची लाज मला कधी सर्वांत जास्त वाटली असेल तर ती पुढच्या क्षणाची. दाजींनी टोपली उचलली, कुठं ठेवावी ते कळेना म्हणून पुन्हा तिथंच ठेवली, आणि माझ्या डोक्यात आपोआप लिहिलं गेलं, ‘भाऊ टोपली उचलतो, खाली ठेवतो’. मला जाणवलं की नववं प्रकरण आता जमलं. बकुळा अजून माझ्याकडंच बघत होती.

कामथडीची सोयरीक मोडली. दाजी वाडीवर गेले. बिरूच्या बापानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "आमची मेंढरं आता तुमच्या वावरात बसायची न्हाईत." बिरूला त्यानं दूरच्या नातेवाइकांकडं मेंढरांमागं धाडून दिलं. हिरडे कधी आणले हे त्याच्या लक्षातही नसेल. महिन्याच्या आत बकुळाला वरंध्याच्या घाटाखाली दिली, दोन मुलं असलेल्या बिजवराला, ज्याला चौकशी करायची गरज नव्हती आणि ज्याला सगळं कळवूनच दिली होती. दाजींनी तिला गाडीत बसवलं आणि त्या दिवशी ते बैलांशीही बोलले नाहीत. अक्कानं ती टोपली पाण्यात भिजत घालून लगदा करून पाहिला. कागद विरघळले, शाई काही जाईना. शेवटी काळ्या ठिपक्यांच्या राखाडी लगद्यासकट ती टोपली तिनं चुलीत घातली. मी गणितात दुसऱ्या खेपेला पास झालो.

कादंबरी मी भोरला पुरी केली आणि पुण्याला एका प्रकाशकाकडं नेली. त्यांच्याकडं एक म्हातारे संपादक होते. त्यांनी बाड पंधरा दिवस ठेवलं आणि परत देताना म्हणाले, "भाषा आहे तुमच्याकडं. पण काहीतरी बसलेलं नाही. असं करा, लिहिण्याआधी मुद्दे काढले असतील, ते विसरा. आता लिहून झालेल्यावरून नव्यानं काढा. प्रत्येक प्रकरणात नायक काय करतो, तेवढं एका ओळीत. जे नाही ते लिहायचं नाही." मला वाटलं, हे काय, तासाभराचं काम. भोरच्या घाटावर, नीरेकाठी कागद घेऊन बसलो. पहिलं प्रकरण: नायक गावात येतो. दुसरं: नायक पाहतो. तिसरं: नायक जेवतो आणि पाहतो. चौथं: नायक दारात उभा राहून पाहतो. असं करत नवव्याशी आलो. माझ्या कादंबरीत त्या टोपलीच्या प्रकरणाला बत्तीस पानं होती आणि वाचणाऱ्याला रडू येईल अशी सोय जागोजाग होती. ती सगळी बाजूला केली तर ओळ उरत होती: नायकाला विचारतात, तो खोटं बोलतो. मी ती ओळ तीन वेळा खोडली. दर वेळी दुसरं काही लिहायला घेतलं, आणि दर वेळी ते त्या प्रकरणात नव्हतं. पहिले मुद्दे माणसाला हवं ते मांडू देतात. लिहून झाल्यावर काढलेले मुद्दे तसं करू देत नाहीत. मी तो कागद घेऊन तिथंच बराच वेळ बसलो, आणि बायका धुणी घेऊन आल्या, धुऊन गेल्या.

तेव्हा विंझर चालत जाण्याच्या अंतरावर होतं. जावं, दाजींसमोर उभं राहावं, ती एक ओळ सांगावी. मी काय केलं? मी प्रकरण सुधारलं. नव्या मुद्द्यांत लिहिलं, ‘नायकाला विचारतात, तो उठून खरं सांगतो’, आणि त्यावर छत्तीस पानं लिहिली. नायक असा बोलला की पंचांची तोंडं पडली. संपादक म्हणाले, "आता बसलं." पुस्तक निघालं, लोकांना ते प्रकरण फार आवडलं, सभांतून वाचलं गेलं. दाजी पुढच्याच वर्षी तापानं गेले. त्यांना मी कधीच काही सांगितलं नाही.

बऱ्याच वर्षांनी घाटाखाली एका शाळेच्या समारंभाला मला बोलावलं होतं, तेव्हा बकुळाच्या घरी गेलो. पांढऱ्या केसांत मला ती आधी ओळखूच आली नाही, तिनं मला लगेच ओळखलं. नवरा गेलेला. थोरल्या सावत्र मुलाची बायको, शेवंता म्हणून, चुलीपाशी होती. बकुळा सुपात तांदूळ घेऊन खडे वेचत बसली होती. ख्यालीखुशाली झाली. मग ती म्हणाली, "तुमचं पुस्तक धाकट्यानं वाचून दावलं. त्यातला त्यो उठून बोलतो, ते कुठनं आणलं?"

"मनानं," मी म्हटलं.

"म्हंजी ते खोटं."

"व्हय."

"आन् मी देवराईत गेले ते बी खोटं."

"व्हय."

तिनं एक खडा बाजूला टाकला. "दोनी तुमीच रचलेलं. मग लोकांनी देवराईचंच का खरं धरलं, पावणं?" तिनं चुलीकडं मान वळवली. "शेवंता, हिकडं ये. हितं बस." मग मला म्हणाली, "ह्या घरात समद्यांस्नी ठावं हाय मी कशी दिली गेले. कुनी तोंडावर बोलत न्हाई. पर परवाच्याला हिच्या म्हायेरची माणसं आली, तर माज्या हातचं पानी घेताना एकमेकांकडं बगत हुती. आता तुमी आलाय. हिला सांगा काय झालं ते. साधं सांगा."

शेवंता हात पुसत समोर येऊन बसली. मी घसा साफ केला. मनात मुद्दे मांडले: मी रचलं, मला विचारलं, मी खोटं बोललो. तीनच. आणि सुरुवात केली. पहिलं वाक्य नीट गेलं. दुसऱ्या वाक्यात टोपली आली, आणि टोपली फिरवत वाचणारे मामा आले, आणि मामांचा आवाज माझ्या तोंडातून आपसूक पलटणीतला होऊन निघाला. शेवंताच्या ओठाचा कोपरा हलला. तो हलला तसा माझा हात वर गेला. मामांच्या मिशा वीतभर लांब झाल्या. टोपलीभोवती सगळी कामथडी गोळा झाली, एक आंधळा बोटांनी चाचपून सहावं प्रकरण वाचू लागला, लाडवांना मुंग्या लागल्या त्यासुद्धा कागदापाशी थबकून वाचायला लागल्या. मला ऐकू येत होतं मी काय करतो आहे ते. शेवंता पोट धरून हसत होती. मी शेवटाशी आलो, आपण खोटं बोललो ते सांगितलं, पण तोवर तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "मामा, तुमी लई थापाडं बगा! आत्याबाई म्हंत्यात ते खोटं न्हाई."

बकुळानं सूप मांडीवर धरलं होतं. तांदळात आता एकही खडा दिसत नव्हता, तरी ती वेचत होती.

"साधं सांगा म्हनलं हुतं," ती म्हणाली.

मी पाण्याचा घोट घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो, पण शेवंता आधीच हसायला लागली होती.